म्हणे, जुन्या इंजिनाला रंग फासला!

गेल्या गुरुवारी ऑफिसात दीड तासाचं ट्रेनिंग होतं. विषय 'मॉडर्नायझेशन'. असल्या ट्रेनिंगला मी मागच्या रांगेत बसते आणि लॅपटॉपवर आपलं काम उरकते. (सगळेच तेच करतात, आणि ट्रेनरलाही ते माहीत असतं.) पण चौदाव्या की पंधराव्या स्लाइडला सहज मान वर केली आणि मग पुढचा अर्धा तास काम झालंच नाही.

स्लाइडवर एका वाफेच्या इंजिनाचा फोटो होता. अख्खं अंग पत्र्याच्या अंगरख्यात झाकलेलं, नारिंगीकडे झुकणारा पिवळा रंग, खालच्या बाजूला चकचकीत स्टील. फोटोखाली साधारण असं लिहिलं होतं: डिझेल दारात उभं असताना या कंपनीने वीस वर्षं जुन्या इंजिनांना रंग फासला. सात वर्षांत सगळी निकालात. तात्पर्य, जुनं सावरत बसू नका, नवं लिहा.

लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण ते इंजिन मी पाहिलंय. ऑनसाइटला असताना एका रविवारी बाल्टिमोरच्या रेल्वे म्युझियममध्ये गेले होते. बरोबरचे सगळे शॉपिंगला गेले, मी एकटी इंजिनं बघत फिरले. मेकॅनिकल शिकून आयटीत आलेल्या माणसाचं असं होतं. आमच्या बॅचला मेकॅनिकलला चार मुली होतो, आज चौघीही कोड लिहितोय, पण कुठे पिस्टन दिसला की पाय थबकतातच.

तर मुद्दा हा, की स्लाइडवर जे लिहिलं होतं ते जवळजवळ प्रत्येक शब्दात चूक आहे. आणि ही चूक नुसती रेल्वेच्या इतिहासाबद्दलची असती तर मी सोडून दिली असती. पण हीच चूक वापरून आमच्यासारख्यांची रेटिंग ठरतात. तेव्हा आज जरा सविस्तर लिहिते.

आधी इंजिनाची ओळख. चेसापीक अँड ओहायो ही व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियातून धावणारी रेल्वे कंपनी. मुख्य धंदा कोळसा वाहण्याचा. १९२६ मध्ये रिचमंडच्या कारखान्यातून तिने पॅसेंजर गाड्यांसाठी पाच इंजिनं घेतली, क्लास एफ-१९, नंबर ४९० ते ४९४. चाकांची रचना ४-६-२. म्हणजे पुढे चार छोटी चाकं, मध्ये ओढणारी सहा मोठी, आणि मागे फायरबॉक्सखाली दोन. या रचनेला 'पॅसिफिक' म्हणायचे. वीस वर्षं ही पाच इंजिनं चालली. मग १९४६-४७ मध्ये कंपनीने ती आपल्या हंटिंग्टनच्या वर्कशॉपमध्ये नेली आणि तिथून ती बाहेर पडली ४-६-४ होऊन, म्हणजे 'हडसन' होऊन. नवा क्लास एल-१. चार इंजिनांवर तो पिवळा अंगरखा चढला आणि लोकांनी त्यांचं नाव ठेवलं 'यलोबेली', पिवळ्या पोटाची. (इंग्रजीत यलोबेली म्हणजे भेकड. ज्याने नाव ठेवलं त्याच्या मनात नक्की काय होतं देव जाणे.)

आता 'रंग फासला' या आरोपाकडे येऊ. पत्र्याच्या आत काय झालं होतं ते बघा.

पहिली गोष्ट, व्हॉल्व्ह. वाफेच्या इंजिनात सिलिंडरमध्ये वाफ सोडायची आणि काम झालं की बाहेर काढायची, एवढंच करायचं असतं. नेहमीच्या इंजिनात ही दोन्ही कामं एकच सरकणारा व्हॉल्व्ह करतो. एकच दांडी मागेपुढे होते, तीच आत घेते, तीच बाहेर सोडते. आता वाफ वाचवायची असेल तर काय करतात? पिस्टनच्या प्रवासाच्या सुरुवातीलाच वाफ बंद करायची आणि उरलेलं अंतर तिला तिच्या प्रसरणावर ढकलू द्यायचं. थर्मोच्या पेपरला ती पी-व्ही आकृती काढून आपण मार्क मिळवलेत, आठवत असेल. पण गोची अशी की व्हॉल्व्ह एकच असल्यामुळे आत घेणं लवकर थांबवलं की बाहेर सोडणंही लवकर होतं, आणि बाहेरचा रस्ताही लवकर बंद होतो. मग उरलेली वाफ आतच कोंडते आणि परत येणाऱ्या पिस्टनला तीच अडवते. वेग जितका जास्त तितका हा त्रास जास्त. म्हणजे ऐंशी-नव्वद मैलांच्या वेगाला इंजिन आपल्याच वाफेशी झगडत असतं.

एल-१ मध्ये हा एक व्हॉल्व्ह काढून टाकला आणि पॉपेट व्हॉल्व्ह बसवले. मोटारीच्या इंजिनात असतात तसे, वर-खाली उघडणारे, कॅमवर चालणारे. आत घेणारे वेगळे, बाहेर सोडणारे वेगळे. एकाची वेळ बदलली तरी दुसऱ्याला धक्का नाही. ज्यांनी कधी रीड आणि राइट एकाच फंक्शनमधून बाहेर काढून वेगळे केलेत त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. हे काम दिसत नाही. डेमोला दाखवता येत नाही. पण लोड आला की कळतं.

याला कोणी रंग म्हणत असेल तर त्याने पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा १९३९ चा प्रयोग वाचावा. त्यांनी आपल्या के-४ जातीच्या एका जुन्या पॅसिफिकवर, नंबर ५३९९ वर, असेच पॉपेट व्हॉल्व्ह बसवून चाचण्या घेतल्या होत्या. जास्त वेगाला ताकद भरपूर वाढली. म्हणजे 'जुन्या इंजिनात एवढा बदल करून काय होणार' या प्रश्नाचं उत्तर एल-१ बनायच्या सात वर्षं आधी कागदावर आलेलं होतं. हंटिंग्टनवाले हवेत गोळ्या मारत नव्हते.

दुसरी गोष्ट, रोलर बेअरिंग. जुन्या इंजिनांत अ‍ॅक्सल तेलावर घासत फिरायचा. तेल कमी पडलं की बेअरिंग तापायचं आणि गाडी मध्येच उभी. टिमकेन कंपनीने १९३० मध्ये एक अख्खं इंजिन रोलर बेअरिंगवर बनवून घेतलं आणि जाहिरात म्हणून शिकागोत तीन बायकांना दोर धरून ते ओढायला लावलं. ओढलंही! (मार्केटिंग तेव्हाही तेच होतं, पण निदान दोराच्या दुसऱ्या टोकाला खरं इंजिन होतं.) एल-१ ला ही बेअरिंग मिळाली. तिसरी, फायरबॉक्सखाली दोन चाकांऐवजी चार चाकांची ट्रक, म्हणजे मागचं वजन पेलायला आणखी एक अ‍ॅक्सल. आणि गाडी हलवताना मदत करायला बूस्टर, म्हणजे मागच्या चाकांना जोडलेलं छोटं इंजिन. गाडीने वेग घेतला की ते सुटं होतं.

एवढं सगळं झाल्यावर जे उरलं त्याला जुनं इंजिन म्हणायचं की नवं, यावर रेल्वेवेडे लोक अजून भांडतात. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो ४९३ मध्ये.

पाचांपैकी चार इंजिनांना पिवळा पत्रा मिळाला. ४९३ ला मिळाला नाही. आतून तेच काम, बाहेरून नेहमीचं उघडं काळं इंजिन. आणि ते चाललं. इतर चार जशी गाड्या ओढत होती तसंच हेही ओढत होतं. म्हणजे अमेरिकेच्या एका रेल्वे कंपनीने नकळत अगदी आदर्श प्रयोग करून ठेवलाय. चारांना यूआय नवा, पाचव्याला जुनाच, आणि बॅकएंड पाचांचंही एकच. 'यांनी नुसता रंग फासला' असं म्हणणाऱ्याला एका वाक्यात गप्प करायला हे एक इंजिन पुरेसं आहे. पण ४९३ चा फोटो स्लाइडवर कोण लावणार? ते तर नेहमीच्या इंजिनासारखं दिसतं.

पत्र्याबद्दल मात्र ट्रेनरचं मी मान्य करते. तो पत्रा फुकटच होता. हवेचा विरोध कमी होण्याचा फायदा खूप वेगात गेल्यावरच जाणवतो, डोंगराळ भागात थांबत थांबत जाणाऱ्या गाडीला नाही. उलट दुरुस्तीला आलेल्या माणसाला साधा नट गाठायचा तर आधी पत्रा उघडा. अमेरिकेत कितीतरी इंजिनांचे असे पत्रे पुढे काढूनच टाकले. पण पत्रा फुकट होता म्हणून आतलं कामही फुकट ठरत नाही. एवढा साधा फरक करता येऊ नये?

आता 'नवं लिहा' या तात्पर्याचं बघू. स्लाइडवाल्याला एक गोष्ट माहीत नसावी (किंवा असावी, आणि गैरसोयीची म्हणून गाळली असावी). याच कंपनीने, याच गाडीसाठी, याच वर्षांत, अगदी कोऱ्या कागदावरून नवं इंजिनही बनवून घेतलं होतं.

गाडीचं नाव 'चेसी'. कंपनीच्या जाहिरातीत १९३३ पासून पांघरुणात गाढ झोपलेलं एक मांजरीचं पिल्लू होतं, त्याचं हे नाव. कंपनीचा कर्ताधर्ता रॉबर्ट यंग हा माणूस म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. १९४६ मध्ये याने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, की अमेरिकेत डुक्कर गाडी न बदलता देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकतं, माणूस नाही! तर या यंगसाहेबांच्या डोक्यात आलं की वॉशिंग्टन ते सिनसिनाटी, सुमारे ६०० मैल, दिवसाउजेडी धावणारी अशी गाडी काढायची की लोकांनी बघत राहावं. काचेच्या घुमटाचे डबे, सिनेमा, मुलांना खेळायची खोली. बड कंपनीला स्टेनलेस स्टीलच्या डब्यांची ऑर्डरही गेली.

मुख्य मार्गावर ही गाडी ओढायला तीन नवी इंजिनं, क्लास एम-१, नंबर ५०० ते ५०२. बाल्डविन आणि वेस्टिंगहाऊस यांनी मिळून बनवलेली. कोळशाच्या आगीवर वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर जनरेटर, जनरेटरच्या विजेवर मोटर, आणि मोटरवर चाकं. पिस्टन वगैरे भानगडच नाही. ताकद ६,००० अश्वशक्ती. टेंडर धरून लांबी दीडशे फुटांच्या वर. कोळशाचा साठा सर्वात पुढे, मग केबिन, मग उलटा फिरवून ठेवलेला बॉयलर. कागदावर अप्रतिम! डिझेलचे सगळे फायदे आणि वर कोळसा आपलाच. आर्किटेक्चर डायग्राम म्हणून बघितलं तर मीही दाद देईन.

प्रत्यक्षात काय झालं? कोळशाची भुकटी आणि पाणी मोटरमध्ये शिरायला लागलं. (कोळसा, पाणी आणि विजेची मोटर एकाच पत्र्याखाली ठेवल्यावर आणखी काय होणार, हे आमच्या इलेक्ट्रिकल मशीन्सच्या लॅब असिस्टंटनेसुद्धा सांगितलं असतं.) वॉशिंग्टनहून निघून सिनसिनाटीपर्यंत काही ना काही न बिघडता पोचणं त्यांना जमेना. रेल्वेवाल्यांनी त्यांना टोपणनाव दिलं 'सेक्रेड काऊ', म्हणजे चक्क पवित्र गाय. १९४७-४८ मध्ये आलेली ही तिन्ही इंजिनं १९५० मध्ये तोडली. दोन-तीन वर्षं! डागडुजी केलेली म्हणून ज्यांना हिणवलं जातं ती एल-१ त्यानंतरही रोजच्या गाड्या ओढत होती. ४९० निवृत्त झालं १९५३ मध्ये.

कोरा कागद इतका बिनधोक असतो म्हणणाऱ्यांना आणखी एक नाव देते. पेनसिल्व्हेनियाचं टी-१. के-४ वरच्या त्या चाचण्यांनंतर त्यांनी पॉपेट व्हॉल्व्ह घेऊन पूर्ण नवंच इंजिन आखलं. दोन नमुने १९४२ मध्ये, आणि पुढे १९४५-४६ मध्ये आणखी पन्नास. चाक घसरायचं, व्हॉल्व्हची निगा राखताना नाकी नऊ यायचे. पन्नाशीचं दशक अर्ध्यावर येईतो सगळी बावन्न भंगारात गेली, एकही उरलं नाही. पाच जुन्या इंजिनांवर प्रयोग करणारे मूर्ख, आणि पन्नास नवी एकदम मागवणारे द्रष्टे? हे गणित मला कोणीतरी समजावून सांगा.

आता कोणी म्हणेल, एल-१ चाललं असेल, पण गाडी कुठे चालली? बरोबर. चेसी कधी धावलीच नाही. १९४८ मध्ये कंपनीने ती सुरू व्हायच्या आधीच रद्द केली. डबे इतर रेल्वे कंपन्यांना विकले. एल-१ मुळात ज्या कामासाठी केली, म्हणजे चेसीचे जोडडबे फाट्यांवरून न्यायचे, ते काम तिला मिळालंच नाही. पण यात इंजिनाचा दोष कुठून आला?

याचं उत्तर शेजारच्या कंपनीकडे आहे, आणि हा माझा या सगळ्या प्रकरणातला सर्वात आवडता भाग.

बाल्टिमोर अँड ओहायो ही चेसापीकची प्रतिस्पर्धी. वॉशिंग्टन-सिनसिनाटीवर तिचाही डोळा. चेसीला टक्कर द्यायला तिने १९४७ च्या जानेवारीत 'सिनसिनाटियन' नावाची गाडी काढली, आणि त्यात नवं असं काही घेतलंच नाही! डबे जुने, आपल्याच माउंट क्लेअर वर्कशॉपमध्ये नव्याने बांधलेले. इंजिनंही जुनी, १९२७ च्या 'प्रेसिडेंट' वर्गातली चार पॅसिफिक, नवा पत्रा चढवून क्लास पी-७डी केलेली. हे सगळं आखणारी बाई होती ऑलिव्ह डेनिस. कॉर्नेलची सिव्हिल इंजिनिअर. रेल्वेत तिचं पद 'इंजिनिअर ऑफ सर्व्हिस', म्हणजे गाड्यांतून फिरायचं आणि प्रवाशाला कुठे काय टोचतं ते बघून सुधारायचं. डब्याच्या खिडकीत बसवायच्या झरोक्याचं पेटंट तिच्या नावावर आहे. (आमच्या चार मुलींच्या बॅचला हिचं नाव एकदा जरी कोणी सांगितलं असतं तरी बरं वाटलं असतं. असो.)

सिनसिनाटियन सुरू झाली आणि रिकामी धावायला लागली. कारण उघड होतं. त्या मार्गावर मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर, वस्ती विरळ. युद्धात पेट्रोलचं रेशनिंग होतं, नव्या मोटारी बनत नव्हत्या, म्हणून गाड्या ओसंडून वाहत होत्या. ऑगस्ट १९४५ मध्ये रेशनिंग उठलं, मोटारी परत यायला लागल्या, गर्दी ओसरली. युद्धातली गर्दी म्हणजे आपला कायमचा युजरबेस असं धरून दोन्ही कंपन्यांनी आकडेमोड केली होती.

मग १९५० मध्ये बाल्टिमोर अँड ओहायोने काय केलं? तीच गाडी उचलली आणि सिनसिनाटी-डेट्रॉइट मार्गावर टाकली. सपाट प्रदेश, मध्ये टोलेडो, डेटनसारखी कारखान्यांची शहरं. तीच गाडी, तेच डबे, सुरुवातीची काही वर्षं इंजिनही तेच वाफेचं. आणि गाडी भरायला लागली! १९७१ मध्ये अ‍ॅमट्रॅक येईपर्यंत ती चालू होती. आता सांगा, वॉशिंग्टनला गाडी रिकामी धावली हा त्या सुधारलेल्या पॅसिफिकचा दोष होता का?

हे चेसापीकच्या साहेबांना शेजारी डोळ्यांसमोर दिसत होतं. म्हणूनच १९४८ मध्ये त्यांनी चेसी सोडून दिली, आणि तो निर्णय शहाणपणाचा होता. पण त्या वेळी जुनं सुधारण्याची एक खूबी कामी आली, ती कुठल्याच स्लाइडवर येत नाही. एल-१ शेवटी एक साधं इंजिन होतं. तेच रूळ, तीच शेड, तेच ड्रायव्हर, तेच फायरमन. ठरलेली गाडी रद्द झाली? हरकत नाही, दुसरी ओढेल. ती दुय्यम गाड्यांवर गेली आणि मुकाट्याने काम करत राहिली. एम-१ चं तसं नव्हतं. तिला शेडमध्ये सांभाळणारा माणूस वेगळा हवा, आणि तिला साजेल अशी गाडीच नाही म्हटल्यावर तिचं करायचं काय? प्रोजेक्ट कॅन्सल झाल्यावर कोणाला दुसरं काम मिळतं आणि कोण बेंचवर जातं, हे इथे वाचणाऱ्यांना मी समजावून सांगायची गरज नाही.

डिझेलचा मुद्दा मी टाळत नाहीये. डिझेल जिंकलंच, आणि जिंकायलाच हवं होतं. व्हॉल्व्ह सुधारा, बेअरिंग सुधारा, बॉयलर शेवटी बॉयलरच राहतो. निघायच्या काही तास आधी आग पेटवा, वाटेत पाणी भरा, राख काढा, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवा. यातलं काहीही पॉपेट व्हॉल्व्हने जात नाही. एल-१ ने कंपनीला आणखी काही वर्षं 'आपला कोळसा बरा' असं म्हणत बसायची सोय करून दिली, हा आरोप कोणी केला तर मी त्याच्याशी भांडणार नाही. १९४८ मध्ये तर त्यांनी पॉपेट व्हॉल्व्हची आणखी पाच हडसन चक्क नवीकोरी घेतली, बाल्डविनकडून. अमेरिकेत त्यानंतर हडसन बनलंच नाही. तो खर्च मला खरंच कळत नाही. पण बघा, इथेही खरेदी झाली ती नव्याचीच!

आणि 'वाफेचं इंजिन १९४७ मध्ये कालबाह्य झालं होतं' हे वाक्यसुद्धा कुठल्या गावात उभं राहून बोलताय त्यावर अवलंबून आहे. ज्या बाल्डविनने १९४७ मध्ये एम-१ बनवायला घेतलं, त्याच बाल्डविनने त्याच वर्षी भारतासाठी डब्ल्यूपी जातीची पहिली सोळा इंजिनं बनवली. बंदुकीच्या गोळीसारखं नाक, त्यावर तारा, तीच ती. रचना ४-६-२, साधी पॅसिफिक, एफ-१९ होती तशीच. पुढे ती १९६७ पर्यंत बनत राहिली, साडेसातशेच्या वर झाली आणि आपल्याकडे मेल-एक्सप्रेस ओढत होती. माझे आजोबा भुसावळला रेल्वेत होते. डब्ल्यूपीबद्दल ते घरातल्या बैलाबद्दल बोलावं तसं बोलायचे. एकाच कारखान्यातून एकाच साली बाहेर पडलेल्या एका डिझाइनला तीन वर्षं मिळाली, दुसऱ्याला चाळीसच्या वर. कोणतं मॉडर्न होतं हे विचारून काही हाती लागत नाही. कोणाच्या गरजेचं होतं, हे विचारावं.

आता हे सगळं मला इतकं का लागलं ते सांगते, म्हणजे उगाच रेल्वेवेडी पोरगी म्हणून सोडून देऊ नका.

दोन वर्षांपूर्वी एका क्लायंटकडे विम्याचा हप्ता मोजणारं पंधरा वर्षं जुनं मॉड्यूल आमच्या टीमकडे आलं. आम्ही पाच जण. आठ महिने लागले. आधी टेस्ट लिहिल्या, मग एकेक तुकडा सोडवला. मोजणारा कोड वेगळा, साठवणारा वेगळा. रात्रभर चालणारी बॅच पहाटे तीनला संपायला लागली. हे सगळं एका भव्य नव्या पोर्टलसाठी होतं. एजंट लोकांसाठी मोबाइल अ‍ॅप, चॅट, काय काय. ते पोर्टल कोऱ्या कागदावरून दुसरी टीम बनवत होती. पोर्टल रद्द झालं. कारण एजंट लोकांना ते नकोच होतं, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आणि नंतरच्या रिपोर्टमध्ये कारणांच्या यादीत पहिल्या नंबरला काय आलं? 'लेगसीमध्ये गुंतून पडलेली गुंतवणूक.' आमच्यातल्या दोन पोरांना त्या वर्षी खालचं रेटिंग मिळालं. त्यातला एक, माझ्या बघण्यातला सर्वात नीटनेटका कोड लिहिणारा मुलगा, सहा महिने बेंचवर बसून शेवटी सोडून गेला. ते मॉड्यूल अजून चालू आहे. काल रात्रीही बॅच वेळेत संपली असेल. त्याला पत्रा कधी मिळालाच नाही.

म्हणून त्या स्लाइडवर लोक हसले तेव्हा माझं डोकं फिरलं. ट्रेनरवर माझा राग नाही. बिचाऱ्याने कुठून तरी फोटो घेतला असेल, आणि पिवळं इंजिन फोटोत दिसतंही झकास. राग या सवयीवर आहे. गाडी कोणासाठी काढली हे विचारायचं नाही. कोरा कागद फसला तर 'काळाच्या पुढे होतं' म्हणायचं, आणि जुनं सुधारून चालवलं तर 'रंग फासला'.

म्युझियममध्ये त्या रविवारी ४९० समोर मी बराच वेळ उभी होते. पाचांपैकी तेवढं एकच उरलंय. तिथेच ५३०० नंबरचं 'प्रेसिडेंट वॉशिंग्टन'ही आहे, ऑलिव्ह डेनिसच्या गाडीला जी इंजिनं लागली त्यांचंच भावंड. आणि गंमत म्हणजे म्युझियमची जागाही तीच, माउंट क्लेअर, जिथे सिनसिनाटियनचे डबे नव्याने बांधले. ४९० चा पत्रा जवळून बघितला की वाटतं तितका गुळगुळीत नाही. खाली वाकून व्हॉल्व्ह दिसतात का ते बघायचा प्रयत्न केला, तर शेजारच्या आजोबांना वाटलं माझं काहीतरी पडलं.

ट्रेनिंगच्या शेवटी फीडबॅक फॉर्म आला. मी एरवी सगळीकडे पाच टिकमार्क करून बंद करते. या वेळी 'सूचना'च्या चौकटीत लिहिलं, की पुढच्या वेळी त्या स्लाइडवर कृपया ४९३ चा फोटो लावावा.

मंगळवारी ट्रेनरची मेल आली. डेकमध्ये एकूण बासष्टच स्लाइड आहेत, ४९३ कुठली म्हणताय?